गवळणीतला देव

तेलुगू सिनेमात देव पृथ्वीवर उतरला की प्रेक्षक आधीच हसायच्या तयारीत बसतात. १९७७ च्या 'यमगोला'त साक्षात यमधर्म आणि चित्रगुप्त खाली येतात आणि माणसांच्या उठाठेवीत पुरते अडकतात. २०१५ च्या 'गोपाला गोपाला'त देवावरच खटला भरणाऱ्या दुकानदाराच्या मदतीला खुद्द श्रीकृष्ण येतो. सातारा-सांगलीकडच्या माणसाला यात नवल वाटू नये. आपल्या जत्रांतून देव असाच माणसांत येत आला आहे, तोही सिनेमा जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून.

तमाशात गण झाला की गवळण उभी राहते. दूध-दह्याची मडकी घेऊन गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या. बरोबर मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. वाट अडवून श्रीकृष्ण उभा, सोबतीला लंगडत चालणारा पेंद्या. देव दाण मागतो, आणि मावशी पदर खोचून पुढे होते. ही वाट कुणाची, जकात कसली, तू कुणाचा कोण? देवाला उत्तरं द्यावी लागतात, आणि तीही आपल्याच गावरान बोलीत. ज्या गावी तमाशा असेल तिथला बाजार, तिथले पुढारी, त्या सालचा पाऊस, सगळं त्या बतावणीत येतं. मावशी हजरजबाबी असली की देव निरुत्तर होतो आणि समोरचा गाव पोट धरून हसतो.

या हसण्याबद्दल मला आज बोलायचं आहे. ज्याला उलट विचारता येतं, ज्याच्याशी भांडता येतं, तो आपला, असा भाव त्या हसण्यामागे आहे. आणि भांडणारी कोण? डोक्यावर ओझं घेऊन बाजाराला निघालेली बाई. जकात मागणाऱ्याला जाब विचारण्याची सोय तिला रोजच्या जगण्यात नव्हती. गवळणीत होती, आणि तिथे समोर प्रत्यक्ष देव होता.

तो देव कोण उभा करत होतं, हेही पाहायला हवं. तमाशा जपला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. ज्या देवळाची पायरी चढायला त्यांना बंदी होती, त्याच देवाच्या जत्रेत त्यांच्यातलाच एखादा श्रीकृष्ण होऊन उभा राही आणि सारा गाव त्याच्यासमोर बसे. देवळाने ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांच्याच रूपात देव गावाला भेटत होता. ही कला पाहून वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जातीचा रोष पत्करून फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले.

देवाच्या दरबारात थट्टेला जागा असावी, हे आपल्या नाटकालाही जन्मापासून ठाऊक आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. भाव्यांच्या खेळात सूत्रधार आणि विदूषकाची थट्टामस्करी रंगे, मग गणपती येई, आणि मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई. म्हणजे देवाला रंगमंचावर बोलवायची हौस आपल्याला आणि दक्षिणेला मिळूनच आहे.

मंचाबाहेरही पाहा. कराड तालुक्यातल्या पाल गावी पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि आलेला प्रत्येक जण वऱ्हाडी असतो. जागरणात वाघ्या-मुरळी गातात, की हाच खंडेराया बाणाईसाठी धनगराच्या घरी मेंढरं राखायला राहिला आणि पुढे दोन बायकांच्या भांडणात सापडला. हे ऐकून हसणारी बाई त्याच हाताने भंडाराही उधळते.

गवळणीवर आक्षेपही घेतला गेला, आणि तो घेणारे आपल्याच मातीतले होते. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्यातून गण-गवळण बाजूला केली आणि मातृभूमीला, कष्टकऱ्यांना वंदन करून खेळ सुरू केला. कामगारांची गाऱ्हाणी मांडायला त्यांना सगळा मंच हवा होता, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण मावशीची उलट विचारायची रीत त्यांच्या लोकनाट्यांतही जिवंत राहिली. तिथे ती देवाऐवजी सावकाराला आणि मालकाला जाब विचारू लागली, एवढंच.

तो जाब थांबला की काय होतं, हे उमेश कुलकर्णी यांच्या २०११ च्या 'देऊळ' चित्रपटात दिसतं. उंबराखाली दत्त दिसला असं गुरं राखणारा भोळा केशा सांगतो आणि बघता बघता गावात देऊळ उठतं, दुकानं लागतात, पैसा खेळू लागतो. त्या गर्दीत देवाशी दोन शब्द बोलायला केशालाच जागा उरत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला हा चित्रपट आपल्या प्रत्येक गावाने पाहावा असा आहे.

आज आपल्या जत्रांत देवळं मोठी होत आहेत आणि गवळण आखूड होत चालली आहे. कुठे ती दोन मिनिटांत उरकतात, कुठे तिच्या जागी सिनेमाची गाणी वाजतात. दोष एकट्या फडमालकांना देता येणार नाही. समोरची मागणी असते तसा खेळ होतो. म्हणून माझं सांगणं मागणी करणाऱ्यांना आहे. गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी गवळणीला तिचा पुरता वेळ द्यावा. मावशीची आणि पेंद्याची कामं केलेले वयस्कर कलावंत अजून आपल्यात आहेत. शाळा-कॉलेजच्या मुलांनी त्यांच्याकडे जावं, बतावणी ऐकावी, लिहून घ्यावी, स्वतः करून पाहावी. देवालाही प्रश्न विचारता येतो, हे ज्या मुलीला लहानपणी हसत हसत कळलं, ती पुढे कुणापुढेही मान खाली घालणार नाही.

यंदाच्या जत्रेची सुपारी देताना फडमालकाला एवढं नक्की सांगा : गवळण पुरी करा, मावशीला मनमोकळं बोलू द्या.