बारावीनंतर जंगल शिकायचं तर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या एका बाजूला सिमेंटच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला माणिकगडचा डोंगर. इथल्या मुलांना जंगल नवं नाही. पण त्याचं शिक्षण पदवीपर्यंत घेता येतं, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत वनविद्येची चार वर्षांची पदवी आहे. बारावी विज्ञान आणि सीईटी लागते. माती, रोपवाटिका, झाडाचं घनफळ, वन्यजीव, वनकायदा असे विषय असतात. पुढे लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन वनक्षेत्रपाल होता येतं.

हे शिकायची गरज का, ते पाहायला बांबूचंच घ्या. बेटातले यंदाचे आणि गेल्या वर्षीचे कोंब राखायचे, जून बांबू तोडायचे, पावसाळ्यात कोयता लावायचा नाही. नियम सोपे वाटतात. पण कोणत्या बेटातून किती काढायचं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला तर बांबूचं खास प्रशिक्षण केंद्रच आहे.

आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा हे गाव विसरून चालणार नाही. 2006च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला सामूहिक हक्क मिळाले. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूचा वाहतूक परवाना गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिला. तेव्हापासून हिशेब, तोड, लिलाव ग्रामसभेकडे. माझ्या मते वनविद्येच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एक हंगाम अशा ग्रामसभेत बसावं. कोर्सच्या पुस्तकात कूप, म्हणजे तोडीसाठी ठरवलेला जंगलाचा तुकडा, आखायला शिकवतात, पण कूप बंद ठेवायला सगळं गाव राजी कसं होतं, ते तिथंच दिसतं.