सेबल बेटावरील रानघोडे

कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरापासून सुमारें ३०० किलोमीटरांवर, अटलांटिक महासागरांत, वाळूची एक चंद्रकोर पसरलेली आहे. तिचें नांव सेबल. फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थच वाळू. बेटाची लांबी सुमारें ४० किलोमीटर. रुंदी फार तर दीड. धुक्यांत व वादळांत सांपडून साडेतीनशेंहून अधिक जहाजें येथें फुटलीं. तेव्हां खलाशांनीं या बेटाला अटलांटिकचें स्मशान म्हटलें, यांत नवल नाहीं.

अशा या उजाड जागीं सुमारें पांचशें घोडे कोणाही धन्यावांचून नांदत आहेत. फुटल्या जहाजांतून पोहत आलेल्या घोड्यांची ही संतति, अशी आख्यायिका आहे. परंतु इतिहास निराळेंच सांगतो. १७५५ पासून अकेडियन शेतकऱ्यांना इंग्रजांनीं हद्दपार केलें. त्यांच्या मागें राहिलेल्या जनावरांपैकीं कांहीं घोडे बोस्टनचा व्यापारी टॉमस हॅन्कॉक यानें १७६० च्या सुमारास येथें सोडले असावेत. १८०१ मध्यें बेटावर जीवरक्षकांचें ठाणें स्थापन झालें. त्यानंतर याच घोड्यांनीं किनाऱ्यावर गस्त घातली व बचावाच्या होड्या ओढल्या.

घोडा बुटका, तट्टासारखा. आयाळ दाट व लांब. आहार मॅरम गवताचा. त्याबरोबर वाळूही चावली जाऊन दांत झिजतात. पावसाचें गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें, म्हणून वाळूखालीं तें वरच्या थरांत टिकून राहतें. तळीं आटलीं कीं घोडे खुरांनीं वाळू उकरून तें मिळवितात.

१९६० च्या सुमारास सरकारनें हे घोडे बेटावरून काढून विकण्याचें ठरविलें. तेव्हां देशांतील शाळकरी मुलांनीं पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांना पत्रें लिहिलीं. बेत रहित झाला व १९६१ मध्यें घोड्यांना कायद्याचें संरक्षण मिळालें. २०१३ मध्यें बेट राष्ट्रीय उद्यानांत गणलें गेलें.

हें संरक्षण मात्र कठोर आहे. घोड्यांना चारा घालावयाचा नाहीं, औषध द्यावयाचें नाहीं. पाहुण्यानें २० मीटर दूर राहावयाचें. कडक हिवाळ्यांत उपासमारीनें अनेक घोडे मरतात, तरी कोणी हात लावीत नाहीं. हे घोडे मूळचे परके. वाळू धरून ठेवणारें गवत ते तुडवितात, असाही आक्षेप आहे. त्यावर, अडीच शतकें जगून ते बेटाचेच झाले, असें उत्तर दिलें जातें. मुलांच्या पत्रांनीं त्यांना विक्रीपासून वांचविलें. आतां दयेपोटीं होणाऱ्या ढवळाढवळीपासूनही कायदा त्यांना दूर ठेवीत आहे.