कार्ड पाकिटात, हजेरी मस्टरवर

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंडपात दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला आग्रह केला, की तुमच्या घरात कॅनडाच्या कागदांवरून जे घडलं ते सगळ्यांना सांगा. आज आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. आम्ही काही वकील नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो आणि बांधकामावरच्या मजुरांचं मस्टर सांभाळता सांभाळता केस पिकू लागले. पण हेच मस्टर या प्रकरणात आम्हाला कामी आलं.

आधी आपल्याकडचं पाहू. राहण्याचा हक्क जातो, ही कल्पनाच आपल्याला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर तोवर आपल्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, ते मुंबई राज्यात गेलं. आपण बालाघाटवाले भोपाळच्या राज्यात राहिलो. इकडे आपलं घर, पलीकडे गोंदियाला मामाचं, नागपूरला आत्याचं. रोटीबेटी थांबली नाही. संविधानाचं कलम १९ नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा, वसण्याचा हक्क देतं. मुलगी नोकरीसाठी पुण्याला दहा वर्षं राहिली, तरी परत येताना तिला कुणी विचारत नाही, की बाई, इतके दिवस कुठे होतीस?

हीच सवय घेऊन आपली मुलं परदेशात जातात आणि तिथे फसतात.

आमच्या मोठ्या ताईची मुलगी आणि जावई कॅनडाला गेले. कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला मुलं पीआर म्हणतात, तो घेऊन गेले. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. तो अर्ज भाचीच्या नावावर होता. तिचं शिक्षण, तिचा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, यांच्या गुणांवर दोघांना पीआर मिळाली. तिथे तिला नोकरी लागली, मुलगी झाली. मुलगी तिथे जन्मली म्हणून जन्मापासूनच कॅनडाची नागरिक. तेरा-चौदा महिन्यांत जावयांना आखातातल्या एका कंपनीत मोठ्या पगाराची जागा मिळाली. भाची विचारात पडली. तिने इकडे फोन केला. ताई, आम्ही, आमच्या घरच्या, सगळ्यांनी एकच सांगितलं : "अगं, नवऱ्याची नोकरी आहे, सोबत राहा. कार्ड पाच वर्षांचं आहे ना? मग काळजी कसली?" तिने नोकरी सोडली आणि गेली.

दोन वर्षं आठ महिन्यांनी दिवाळीला ती इथे आली. सहज बोलता बोलता म्हणाली, "मामा, कार्डाची मुदत अजून वर्षाच्या वर आहे, पण तिथली एक मैत्रीण म्हणते, की दिवस कमी पडतील." मग आम्ही दोघं नियम वाचायला बसलो.

कॅनडाचा कायदा सांगतो, की पीआर असलेल्या माणसाने कोणत्याही पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात असलं पाहिजे. सलग नसले तरी चालतात, बेरीज भरली पाहिजे. वाचल्याबरोबर आम्ही म्हणालो, हे तर मस्टरच आहे! मजुराच्या खिशात जॉब कार्ड असतं, पण पैसे मस्टरवरच्या हजेरीचे मिळतात. कार्ड खिशात आहे म्हणून कुणी मजुरी मागत नाही. तसंच हे. प्लास्टिकच्या कार्डावर जी तारीख असते ती त्या कार्डाची मुदत असते. कार्ड संपलं म्हणून हक्क आपोआप जात नाही, आणि कार्ड चालू आहे म्हणून हक्क शाबूत राहतो असंही नाही.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. पाच वर्षांचे दिवस १८२६. त्यातले ७३० तिथे काढायचे, म्हणजे बाहेर जास्तीत जास्त १०९६. भाचीचे कॅनडातले दिवस भरले ४००. बाहेरचे झाले होते ९७०. बाहेर राहायला उरले १२६. म्हणजे चार महिन्यांत परत गेली तर उरलेले ३३० दिवस भरता येतील. पाचव्या महिन्यात गेली तर पाच वर्षांत बेरीज होतच नाही. आणि ३३० भरले की सुटलो, असंही नाही. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर रोज मागची पाच वर्षं मोजतात. म्हणजे सुरुवातीचे ४०० दिवस एकेक करून हिशेबातून गळत जातात. तिला तिथे अजून बराच काळ राहावं लागणार होतं.

"पण नवऱ्यासोबत असलं की दिवस धरतात असं ऐकलं होतं," ती म्हणाली. ऐकलं होतं ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं नीट समजून घ्या, कारण घरं इथेच चुकतात.

नवरा किंवा बायको कॅनडाचे नागरिक असतील आणि आपण बाहेरदेशी त्यांच्यासोबत राहत असू, तर ते दिवस कॅनडात राहिल्यासारखे धरतात. जोडीदार नागरिक नाही, नुसता पीआर आहे, तर त्याची नोकरी कॅनडाच्या कंपनीतली किंवा तिथल्या केंद्र वा प्रांत सरकारची हवी. पूर्ण वेळेची हवी, आणि मालकाने त्याला बाहेर पाठवलेलं हवं. आमच्या जावयांना कुणी पाठवलं नव्हतं. ते स्वतः गेले होते, तेही आखाती कंपनीत. म्हणून त्यांचा एकही दिवस धरला जाणार नव्हता, आणि त्यांच्या सोबतीने तिचाही नाही. मग आम्ही म्हटलं, मुलगी तर नागरिक आहे, तिच्यामुळे? तेही नाही. आई-बाप नागरिक असतील तर त्यांच्यासोबत राहणाऱ्या मुलाचे दिवस धरतात. मूल नागरिक आहे म्हणून आईचे धरत नाहीत.

त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. ताई म्हणाली, "जाऊ दे ती पीआर. संसार मोडायचा का?" भाची बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "आई, ती माझ्या मार्कांवर मिळाली होती."

मंडळी, खरं सांगतो, हे वाक्य आमच्या डोक्यात आधी कधी आलंच नव्हतं. फोनवर "सोबत राहा" म्हणताना, ती काय सोडून चालली आहे, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. तिला नोकरी मिळाली असती आणि जावयांनी सोबत जायचं असतं, तर आम्ही शंभर प्रश्न विचारले असते. त्यांच्या नोकरीचं काय, पेन्शनचं काय, परत आल्यावर काय. बायकोने जायचं म्हटल्यावर प्रश्न संपतात.

कायदेसुद्धा हे उशिराच शिकले. आपल्याच मतदार याद्यांचा कायदा घ्या, १९५० चा. सैन्यातल्या माणसाची बायको त्याच्यासोबत राहत असेल तर तिचंही नाव त्याच्या गावच्या यादीत ठेवण्याची सोय त्यात होती. पण शब्द 'बायको' असाच होता. सैन्यात अधिकारी बाई असेल तर तिच्या नवऱ्याला ती सोय नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'जोडीदार' हा शब्द आला. तो एक शब्द बदलायला सत्तर वर्षं गेली. आपल्या घरातल्या बोलण्यात तो अजून बदलायचा आहे.

पुढे काय झालं ते सांगतो. भाची मुदतीच्या आत मुलीला घेऊन कॅनडाला परतली. सांभाळायला ताई पाहुण्याच्या व्हिसावर काही महिने सोबत गेली. जिने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, ती फावड्याने दारातला बर्फ ओढायला शिकली. जावई करारामुळे आखातातच राहिले. त्यांचे स्वतःचे दिवस भरणार नाहीत, हे आम्ही धरून चाललो आहोत. भाची तिथे राहते आहे, त्यामुळे पुढे त्यांच्यासाठी नव्याने अर्ज करता येईल. पण त्याला वेळ लागेल, पैसा लागेल. मुलगी रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर बाबांना पापा देते. चार वर्षांपूर्वी एक तास कागद घेऊन बसलो असतो तर ही वेळ आली नसती. कदाचित गेलेच नसते, कदाचित वर्षभर थांबून गेले असते, कदाचित जावयांनी कॅनडाच्या एखाद्या कंपनीकडून बाहेर जाण्याची वाट पाहिली असती.

इतर देशांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ग्रीन कार्डवाल्याने वर्षभरापेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, परत येण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. तो साधारणपणे दोन वर्षांचा मिळतो. वर्षाच्या आत येऊन-जाऊन राहणारेही निर्धास्त नसतात. तुमचं खरं घर कुठे आहे, हे तिथला अधिकारी पाहतो. मात्र जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल आणि तिथल्या सरकारने किंवा अमेरिकन कंपनीने त्याला बाहेरदेशी नेमलं असेल, तर ग्रीन कार्डवाल्या जोडीदाराला ठराविक वर्षं राहण्याची अट न लावता नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ही सोय फार थोड्यांना माहीत असते. ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी सहसा सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की जाते. ऑस्ट्रेलियाचा कायम व्हिसा असला तरी परत प्रवेश करण्याची मुभा पाच वर्षांची असते, नंतर ती नव्याने घ्यावी लागते. प्रत्येक देशाचं मस्टर वेगळं, पण मस्टर आहेच.

आता ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

पहिली : दुसऱ्या देशातल्या नोकरीला होकार देण्याआधी नवरा-बायको दोघांचे दिवस वेगवेगळे मोजा. दोघांचा हिशेब एक नसतो.

दुसरी : जुने पासपोर्ट, बोर्डिंग पास, घरभाड्याचे करार, पगाराच्या पावत्या, मुलांच्या शाळेचे आणि लसीचे कागद फेकू नका. "कुठे होता?" या प्रश्नाला कागदच उत्तर देतो. भाचीचा जुना पासपोर्ट ताईच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडला, म्हणून तारखा जुळल्या.

तिसरी : नियम बदलतात. आमचं भाषण ऐकून तिकीट काढू नका, आणि ओळखीच्यांच्या ऐकीव माहितीवर तर मुळीच नको. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा, गुंता असेल तर तिथल्या परवानाधारक सल्लागाराला विचारा.

चौथी : पीआर घेतल्याने भारताचं नागरिकत्व जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं तर मात्र जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही. जोवर मुलं भारताची नागरिक आहेत, तोवर पासपोर्टवरच्या बालाघाटच्या पत्त्यावर त्यांचं नाव परदेशस्थ मतदार म्हणून नोंदवता येतं. २०१० च्या दुरुस्तीने ही सोय झाली. मत द्यायला मात्र इथे यावं लागतं. म्हणजे मुलांना घरी बोलावण्याचं एक कारण वाढलं!

मित्रांनो, वैनगंगेच्या काठचं हे गाव आपल्या मुलांची हजेरी घेत नाही. ती दहा वर्षांनी आली तरी मंडपात त्यांच्या हातात आरतीचं तबक येतंच. पण जग असं चालत नाही. म्हणून मुलीचा फोन आला, की "बाबा, यांना दुसऱ्या देशात नोकरी लागली आहे", तर आनंद जरूर करा, पेढे वाटा, पण त्याआधी तिला एक प्रश्न विचारा : "तुझे किती दिवस भरलेत?"

आम्ही तो विचारला नव्हता. तुम्ही विचारा.

गणपती बाप्पा मोरया!