अकरावीचे विषय : किती आणि कोणते?



दहावीचा निकाल लागला की रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर या परिसरातील घरोघरी अकरावी प्रवेशाची धावपळ सुरू होते. ऑनलाइन अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्यासाठी घरात आठ-आठ दिवस विचारविनिमय चालतो. मामा, काका, शेजारी या सर्वांचे मत घेतले जाते. परंतु विषय कोणते घ्यावयाचे, हा प्रश्न बहुधा प्रवेश निश्चित करण्याच्या दिवशी, महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहून सोडविला जातो. मागे रांग असते, मुदत संपत आलेली असते. पुढील दोन वर्षांचा निर्णय पाच मिनिटांत होतो. घरातील लग्नाचा बस्ता बांधतानासुद्धा यापेक्षा अधिक वेळ दिला जातो!

विज्ञान शाखेत हा प्रश्न विशेषेकरून उभा राहतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित घ्यावे, जीवशास्त्र घ्यावे, की दोन्ही घ्यावेत? बहुसंख्य पालकांचे उत्तर ठरलेले असते: "दोन्ही घेऊन ठेवू, दोन्ही दरवाजे उघडे राहतील." हे उत्तर वरवर शहाणपणाचे वाटते. म्हणूनच त्याची थोडी तपासणी होणे आवश्यक आहे.

प्रथम हिशेब पाहू. राज्य मंडळाच्या बारावीला इंग्रजी अनिवार्य, दुसरी भाषा किंवा तिचा पर्याय आणि चार वैकल्पिक विषय अशी रचना आहे. विषयांचे एकूण गुण ६००. विद्यार्थ्याने गणित व जीवशास्त्र दोन्ही घेतले तरी ६००, आणि एक सोडून भूगोल घेतला तरी ६००च. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा २०० गुणांचा द्विलक्षी विषय घेतला, तर तो दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय अशा दोहोंची जागा घेतो. तेथेही बेरीज तीच. म्हणजे 'जास्त विषय घेतले' या समजुतीला गुणपत्रिकेत आधार नाही. जास्त होते ते ओझे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या प्रत्येकाचे ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. तीन प्रयोगशाळा, तीन प्रयोगवह्या आणि त्यावर गणिताचा रोजचा सराव, असे ते ओझे असते.

येथे दहावीच्या सवयीने एक गैरसमज होतो. दहावीला सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरले जातात. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' या नावाने ओळखले जाणारे हे धोरण २०१० मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरविले होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली. त्यामुळे एखादा विषय कच्चा राहिला तरी टक्केवारी सावरते. बारावीला ही सवलत नाही. तेथे प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावेच लागते आणि टक्केवारीत सर्व विषय धरले जातात. केवळ 'असू द्यावा' म्हणून घेतलेला चौथा विषय एखाद्या हुशार विद्यार्थ्याचे वर्ष घालवू शकतो.

परंतु खरी किंमत मोजावी लागते ती प्रवेश परीक्षांत. अभियांत्रिकीसाठी असलेल्या राज्याच्या एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात एकूण २०० गुण असतात. त्यांपैकी १०० एकट्या गणिताचे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० गुण असतात. त्यांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. म्हणजे एका परीक्षेचा निम्मा भाग गणित आणि दुसरीचा निम्मा भाग जीवशास्त्र. दोन्ही दरवाजे उघडे ठेवू पाहणारा विद्यार्थी प्रत्येक परीक्षेच्या निम्म्या भागासाठी अर्धाच वेळ देऊ शकतो. त्याचा प्रतिस्पर्धी मात्र पूर्ण वेळ देऊन आलेला असतो. दोन वर्षांनंतर निकाल हाती येतो तेव्हा दोन्ही दरवाजे उघडेच असतात, परंतु आत शिरण्याइतके गुण एकाही ठिकाणी नसतात. हे दुःख अनेक घरांनी अनुभवलेले आहे. त्याचा दोष मुलाच्या माथी मारला जातो, ही गोष्ट त्याहून अधिक खेदाची.

शिवाय जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय मार्ग कायमचा बंद होतो, ही भीती आता पूर्वीसारखी खरी उरलेली नाही. बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास मंडळाच्या परीक्षेस 'तुरळक विषय' घेऊन बसता येते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढून, बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटसाठी पात्र धरले. वाट लांबची आहे, वर्ष जाते, हे खरेच. पण वाट आहे. औषधनिर्माणशास्त्राचे तर त्याहून सोपे आहे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्याबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असले तरी बी. फार्मसीला प्रवेश मिळू शकतो. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा आहे, तरी औषधनिर्मितीच्या या मार्गाची माहिती आपल्या भागातील कित्येक पालकांना नसते, याचे आश्चर्य वाटते.

मग दोन्ही विषय कोणीच घेऊ नयेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. काही विद्यार्थ्यांना दोहोंची मनापासून ओढ असते. अशांसाठी पाषाण येथील आयसर ही २००६ मध्ये स्थापन झालेली संस्था रहाटणीहून फार दूर नाही. तिच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. तेथे चारही विषय शिकलेल्या विद्यार्थ्यास निश्चित लाभ होतो. मुलाला दोन्ही विषय आवडतात म्हणून घेणे आणि पालकांना निर्णय करवत नाही म्हणून घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या कारणाने घेतलेला विषय मूल स्वतःच ओढून नेते.

इंग्लंडमध्ये विद्यापीठात जाण्यापूर्वी 'ए लेव्हल'चे साधारणतः तीनच विषय घेतले जातात आणि विद्यापीठे बहुधा तीन विषयांतील श्रेणी पाहूनच प्रवेश देतात. चौथा विषय घेणारे विद्यार्थी तेथेही असतात, मुख्यतः गणितात विशेष गती असणारे. उलट 'आयबी' अभ्यासक्रमात सहा विषय असले तरी त्यांतील तीन सामान्यतः उच्च स्तरावर व उरलेले साधारण स्तरावर अभ्यासावे लागतात. विषय किती, याबरोबरच कोणता किती खोल, हेही तेथे आधीच ठरलेले असते. आपल्याकडे सर्व विषय सारख्याच वजनाचे. म्हणून कोठे खोल जावयाचे, हे घरातच ठरवावे लागते.

आता वाणिज्य शाखेविषयी. कारण व्यापारी कुटुंबांतील निम्मीअधिक मुले-मुली तिकडेच वळतात. तेथे पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन हे तीन वैकल्पिक विषय जवळजवळ ठरलेलेच. चौथ्या जागेसाठी चिटणिसाची कार्यपद्धती की गणित, असा प्रश्न असतो. चिटणिसाच्या कार्यपद्धतीत गुण सहज मिळतात, अशी ख्याती असल्याने गणितास रजा दिली जाते. मुलींच्या बाबतीत तर हा निर्णय तिला न विचारताच होतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. "तिला कशाला हवे गणित?" हे वाक्य अजूनही ऐकू येते, आणि तेही रोज रात्री गल्ला मोजणाऱ्या घरांतून!

त्याच घरातील मुलाने वा मुलीने पुढे सी.ए. व्हावे, अशी इच्छा मात्र प्रबळ असते. सी.ए. फाउंडेशनला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. बारावीस गणित असण्याची अट नाही. परंतु तिच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी एक गणित, तर्क व संख्याशास्त्र यांची आहे. तिच्या १०० गुणांपैकी ४० व्यापारी गणिताचे, २० तर्काचे आणि ४० संख्याशास्त्राचे. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो, त्यामुळे अंदाजाने खुणा करून निभावत नाही. सोप्या गुणांसाठी अकरावीत बाजूला ठेवलेले गणिताचे पुस्तक, बारावीची परीक्षा संपल्यावर, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुन्हा विकत आणावे लागते. आणि जे दोन वर्षांत सावकाश शिकता आले असते, ते चार महिन्यांत शिकावे लागते.