उभ्या मोटारीची बॅटरी

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या तीरी शहागड हे गाव वसले आहे. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथेच नदी ओलांडून बीड जिल्ह्यात उतरतो. अशा गावी घरची मोटार रोज फिरतेच असे नाही. ती आठ-आठ दिवस अंगणात उभी असते; लागते तेव्हा मात्र तातडीने लागते. रात्री अडलेल्या बाळंतिणीस अथवा छातीत कळ आलेल्या वृद्धास छत्रपती संभाजीनगरास न्यावयाचे, माणसे गाडीत बसलेली, आणि किल्ली फिरविताच सेल्फची नुसती टकटक! शहरांतील इमारतींखाली निजून राहिलेल्या गाड्यांचीही हीच कथा आहे. बहुधा दुसऱ्याच दिवशी नवी बॅटरी आणून बसविली जाते, आणि पंधरवड्याने तीही मान टाकते. कारण दोष बॅटरीचा की गाडीचा, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

शाळेच्या अंकगणितात हौद भरणाऱ्या व रिकामा करणाऱ्या नळांची उदाहरणे असत. मुलांस ती निरर्थक वाटत. परंतु मोटारीची बॅटरी म्हणजे तोच हौद होय. इंजिन चालू असता अल्टरनेटर तो भरतो. इंजिन बंद झाले तरी घड्याळ, चोरघंटा, दारांची विजेची कुलपे व गाडीतील संगणकाची स्मृती या बारीक तोट्या ठिबकतच राहतात. ही ठिबक सुमारे 20 ते 50 मिलिअँपिअर असली तर ती रीतसर समजावी. लहान गाडीची बॅटरी पुष्कळदा 35 अँपिअर-तासांची असते. 30 मिलिअँपिअरने दिवसास पाऊण अँपिअर-तासाहून किंचित कमी खर्च होतो, म्हणजे तीन आठवड्यांत पंधरा. उलट डिकीतील पाच वॅटचा दिवा विझावयाचा राहिला, तर एका दिवसात दहा अँपिअर-तास जातात आणि तिसऱ्या दिवशी गाडी उठत नाही.

2020 साली 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, ती वाढत वाढत 31 मेपर्यंत चालली. हे 68 दिवस होतात. निर्दोष गाडीची ठिबकदेखील एवढ्या अवधीत सुमारे 49 अँपिअर-तास होते, आणि हौद तर 35 चाच! शिवाय उष्म्याने बॅटरी स्वतःच्या पोटातही झिजते, आणि मराठवाड्याचा वैशाख कोणास सांगावयास नको. त्या दिवसांत ज्यांच्या गाड्या मुक्या झाल्या, त्यांपैकी कित्येकांच्या गाडीत बिघाड असा नव्हताच.

आता परीक्षा. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरने बॅटरीचा दाब पाहावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळजवळ अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रितीच. मग ती चार्जरवर पूर्ण भरून, ऋण टोकाची तार काढून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी दाब टिकला नाही तर बॅटरी म्हातारी झाली; टिकला तर गाडीच ती पीत आहे. ही साधी परीक्षा केल्यावाचून नव्या बॅटरीवर पैसे घालणे म्हणजे गळक्या घागरीत नवे पाणी ओतणे होय.

गाडी पीत असल्यास किती पिते ते मोजावे. मीटरची तांबडी तार 10 अँपिअरच्या भोकात खोवून, मीटर बॅटरीचे ऋण टोक व काढलेली तार यांच्यामध्ये जोडावा. दारे बंद असावीत. मीटर मध्ये असता सेल्फ मुळीच मारू नये, नाहीतर मीटर जळेल. प्रारंभी आकडा मोठा दिसतो. गाडीचा संगणक निजावयास अर्धा तास, कधी अधिकही लागतो, आणि पुष्कळ जण येथेच उतावीळ होतात. त्यानंतरही शेकडो मिलिअँपिअर दिसत असतील, तर फ्यूज एकेक करून काढावेत. ज्या फ्यूजासरशी आकडा धाडकन उतरेल, त्याच वाटेवर चोर आहे.

हा चोर बहुतेक वेळा मागाहून बसविलेल्या वस्तूंत सापडतो: किल्लीच्या स्विचास वगळून थेट बॅटरीस जोडलेला गाण्यांचा संच, गाडीचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र, कॅमेरा. कधी चिकटून बसलेला रिले असतो. सर्व फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरकडे पाहावे. त्यातील डायोड फुटला की वीज उलट वाटेने गळते. हे काम गॅरेजमधील वायरमनचे.

रित्या बॅटरीस तशीच पडू देऊ नये; तिच्या पट्ट्यांवर शिशाचे क्षार घट्ट होऊन बसतात व तिची धारणा कायमची घटते. रोज जागेवर पाच मिनिटे इंजिन घरघरविल्याने भरपाई होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर धावली पाहिजे, अथवा चार्जर लावावा. साडेतीन अँपिअरच्या चार्जरास रिती बॅटरी भरावयास दहा-बारा तास लागतात. त्या वेळी तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. जवळ विडी-काडी नको. महिनाभर गावास जावयाचे असेल तर दहाच्या पान्याने ऋण टोकाची तार सोडून ठेवावी. घड्याळ पुन्हा लावावे लागेल, तेवढेच. मात्र त्यानंतर दारे विजेने उघडत नाहीत, म्हणून बॉनेट लावण्यापूर्वी साधी किल्ली हातात आहे ना, हे पाहावे.