जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्यापुढें एक प्रश्न नेहमीं उभा असतो. ढासळलेली भिंत पूर्वीं होती तशीच बांधावी, कीं नव्या युक्तीनें अधिक भक्कम करावी? फ्रान्समध्यें घरच्या गराजांत जुन्या स्पोर्ट्स मोटारी दुरुस्त करीत बसणाऱ्या हौशी मंडळींनाहि नेमका हाच प्रश्न पडतो. फरक एवढाच कीं, देवळाचा दगड जागच्या जागीं राहतो. मोटार मात्र माणसांना पोटांत घेऊन घाटांतून धावावयाची असते. म्हणून तिच्या बाबतींत चुकीच्या उत्तराची किंमत अधिक मोठी.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दिएप नांवाचें बंदर आहे. तेथील झाँ रेदेले हा रेनो मोटारींचा विक्रेता. रेनोच्या चिमुकल्या 'चार सीव्ही' गाडीवर त्यानें अनेक शर्यती गाजविल्या, आणि आल्प्स पर्वतांतल्या शर्यतींत मिळालेल्या यशाची खूण म्हणून १९५५ सालीं काढलेल्या आपल्या कारखान्यास 'आल्पीन' हें नांव दिलें. १९६२ सालीं पुढें आलेली 'ए ११०' ही त्या कारखान्याची सर्वांत विख्यात गाडी. तिची उंची अवघी ११३ सेंटिमीटर. मध्यें पोलादी नळीचा एकच कणा, त्यावर काचतंतू व राळ यांची हलकी बॉडी, आणि एंजिन मागच्या आंसाच्याहि मागें, अशी तिची घडण. १९७१ सालच्या मॉन्टे कार्लो रॅलींत ओव्ह अँडरसन यानें ही गाडी पहिली आणली. १९७३ सालीं जागतिक रॅली-अजिंक्यपदाची स्पर्धा प्रथमच भरली; तेव्हां कारखान्यांचें अजिंक्यपद आल्पीन-रेनोकडेच गेलें. दिएप येथील तिचें उत्पादन १९७७ सालीं थांबलें.

अशी गाडी विकत घेऊन घरीं आणणारा मनुष्य प्रथम फसतो तो तिच्या रूपाला. काचतंतूंची बॉडी गंजत नाहीं. रंग चकचकीत असला कीं गाडी धडधाकट वाटते. परंतु त्या बॉडीच्या पोटांत पोलाद आहे. राळेच्या थराखालीं पाणी शिरलें, कीं तें सहजासहजीं वाळत नाहीं, आणि नळी आंतून कुजत जाते. बाहेरून दिसतें तें वस्त्र; हाडें मात्र पोखरलेलीं. जाणता मनुष्य म्हणून रंगाकडे पाहत नाहीं. तो गाडीखालीं पाठीवर निजतो, हातोडीनें नळ्या ठोकून पाहतो, आणि बद्द आवाज येईल तेथें खडूची खूण करतो.

बॉडी राळेनें सांगाड्याशीं जखडलेली असते. ती सोडवावयाची म्हणजे तो थर कापावाच लागतो. येथें उतावळेपणा घातक ठरतो. कुजलेली नळी कापण्यापूर्वीं सर्व मापें टिपून घ्यावीं लागतात आणि सांगाडा भक्कम आधारांवर पक्का बांधावा लागतो. एकाच वेळीं दोन्ही बाजू मोकळ्या केल्या, कीं कणा पिळतो. मग गाडी रस्त्यावर सरळ चालत नाहीं, आणि दारेंहि चौकटींत बसत नाहींत. म्हणून एक नळी कापावी, नवी जोडावी, पुन्हां मापावें, आणि मगच दुसरीला हात घालावा.

बॉडीवरच्या भेगांचेंहि तसेंच आहे. वरून लांबी भरून रंग फासला, तर भेग थोड्याच दिवसांत पुन्हां डोकावते. सशक्त थर लागेपर्यंत ती घासावी लागते. नंतर आंतल्या बाजूनें काचतंतूंचा नवा थर राळेंत भिजवून बसवावा लागतो. या कामाला कोरडी व उबदार हवा हवी. थंडींत किंवा दमटपणांत राळ नीट धरत नाहीं. घासतांना उडणारी काचेची धूळ छातींत जाऊं नये म्हणून तोंडावर योग्य मुखवटा पाहिजेच.

एंजिनांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. रेनोच्या या एंजिनांत दट्ट्या ज्या नळकांड्यांत फिरतो तीं वेगळीं बसविलेलीं असून त्यांच्या बाहेरून पाणी खेळतें. वरचें झांकण काढल्यावर एंजिन निष्काळजीपणानें फिरविलें, तर नळकांडें जागचें हलतें, तळचें पाणी अडविणारें कडें निसटतें, आणि पाणी तेलांत उतरतें. म्हणून नळकांडीं दाबून धरावीं लागतात, व त्यांची उंची मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते.

आतां सुधारणेचा प्रश्न. कांहीं सुधारणा अपरिहार्य आहेत. फ्रान्समध्यें २००९ सालापासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. जुन्या रबरी नळ्यांना तें मानवत नाहीं, त्या तडकतात. तडकलेल्या नळीखालीं तापलेलें एंजिन आणि सभोंवतीं राळेची बॉडी, म्हणजे चितेचीच रचना. येथें मूळ नळीचा आग्रह धरणें ही निष्ठा नव्हे, तें अविचाराचें लक्षण होय. विजेच्या तारांचेंहि तेंच. बॉडींतून वीज वाहत नाहीं, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची निराळी तार लागते. ती नवी घालण्यांत गाडीचें कांहींच हरवत नाहीं. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या पोटांत बसणारें इलेक्ट्रॉनिक साधन किंवा विजेचा पंखा, हीं तर पुन्हां काढतांहि येतात.

परंतु दुसऱ्या प्रकारची सुधारणा लोभांतून जन्मते. साध्या तेराशेंच्या गाडीला सोळाशेंचें एंजिन व चिन्ह लावून ती 'सोळाशें एस' म्हणून विकणें हा सरळ बनाव आहे. त्याहून वेगळी गोष्ट मार्च २०२० मध्यें फ्रान्समध्यें नियमांनीं शक्य झाली. जुन्या गाडींतलें पेट्रोलचें एंजिन काढून विजेचें बसविण्यास आतां कायदेशीर वाट आहे. त्यांत लपवाछपवी नाहीं. तरी जिचा सारा स्वभाव मागच्या एंजिनाच्या भारानें व आवाजानें घडला, ती गाडी त्यानंतर तीच राहते काय, हा प्रश्न मालकानें स्वतःला विचारलाच पाहिजे.

ऐतिहासिक वाहनांच्या 'फीव्हा' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ट्यूरिन सनदेंत या वादाला समंजस उत्तर दिलें आहे. वापरासाठीं बदल करावा लागला, तर तो शक्यतों परत फिरवितां येण्याजोगा असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबरच जपून ठेवावे, असें ती सनद सांगते. घरीं काम करणाऱ्याला हा नियम पाळणें कठीण नाहीं. फळीवर एक पेटी, तींत चिठ्ठी बांधलेले जुने भाग, आणि जवळ एक वही: कोणत्या दिवशीं काय काढलें, काय घातलें आणि कां. जीवाला धोका असेल तेथें बदल करावा, झिजलें असेल तेथें नवें घालावें, आणि केलेलें लपवूं नये. गाडी उद्यां ज्याच्या हातीं जाईल, त्याला त्या वहीचा उपयोग चकाकत्या रंगापेक्षां कितीतरी अधिक होईल.