सुट्या चिठ्ठ्यांचें सामर्थ्य

श्रोतेहो, मास्तरकी करीत असतां मला एक खोड होती. मुलांच्या दप्तरांतून सुटे कागद निघाले, कीं ते मी केराच्या टोपलींत टाकीत असें. ज्ञान काय तें बांधलेल्या पुस्तकांतच, अशी माझी समजूत. ती किती अपुरी होती, हें निवृत्तीनंतर एका जंतूच्या कथेनें मला शिकविलें.

अमेरिकेंत कनेक्टिकट राज्यांत लाइम नांवाचें गांव आहे. त्या परिसरांत पुष्कळ मुलांचे गुडघे सुजत. डॉक्टर त्यास मुलांचा संधिवात म्हणत. पण एवढ्याशा वस्तींत इतकीं मुलें कशीं? १९७५ सालीं दोन मातांनीं हा प्रश्न लावून धरला, म्हणून शोध सुरू झाला. पुढें १९८१ सालीं विली बर्गडॉर्फर ह्यांना गोचिडीच्या पोटांत मळसूत्रासारखा एक जंतु आढळला. लाइम रोग त्याचाच.

ह्या जंतूचें मुख्य गुणसूत्र म्हणजे जणूं बांधलेलें पुस्तक. त्याखेरीज त्याच्याजवळ जनुकांच्या सुट्या चिठ्ठ्या असतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. 'बी ३१' नामक वाणाचें वाचन १९९७ ते २००० ह्या काळांत झालें, तेव्हां त्यांत १२ सरळ व ९ वर्तुळाकार, असे २१ प्लास्मिड भरले.

आतां गंमत पाहा. प्रयोगशाळेंतील नळींत आयत्या अन्नावर ह्या जंतूच्या अनेक पिढ्या वाढविल्या, तर कांहीं प्लास्मिड गळून जातात, तरी जंतु खुशाल वाढतो. पाहणारास वाटावें, गेलें तें ओझेंच होतें! पण असा जंतु उंदरास टोंचला, तर पुष्कळदां रोग जडतच नाहीं. कारण 'एलपी २५' ह्या प्लास्मिडावर प्राण्याच्या शरीरांत जगण्यास अवश्य असें एक जनुक असतें. 'एलपी २८-१' वर तर वेषांतराची पेटीच असते. तेथें आवरणावरील एका प्रथिनाचें चालू जनुक असून शेजारीं १५ मूक तुकडे असतात. त्यांतील अंश चालू जनुकांत शिरून प्रथिनाचें रूप पालटतें. शरीराचे रक्षक जुनें रूप ओळखतात, तोंवर जंतूनें नवा अंगरखा चढविलेला असतो.

म्हणून जाणते संशोधक प्रयोगापूर्वीं जंतूच्या चिठ्ठ्या मोजून घेतात. नाहींतर निःशस्त्र झालेल्या शत्रूवर लस अजमावून विजयाचा भ्रम व्हावयाचा.

श्रोतेहो, टोपलींत टाकलेले ते कागद मीं एकवार वाचून पाहिले असते, तर बरें झालें असतें.